साहेब, त्या लेकराच्या वहीला तुमच्या रुब्रिकमधे जागाच नाही

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवर झेडपीची शिक्षिका आहे, सतरावं वर्ष चालूय. असं पत्र कधी लिहिलं नाही, पण परवापासून झोप नाही म्हणून लिहायलेय.

दिवाळीआधी प्रशिक्षणात सांगितलं, प्रकल्पाचं रुब्रिक, म्हणजे कसल्या कामाला कोणता स्तर द्यायचा त्या निकषांचा तक्ता, तुमच्या लेकरांकडं बघून तुम्हीच तयार करा. आम्ही केलं. एकच वही तिघांनी वेगवेगळी तपासली, जिथं गुण जुळले नाहीत तिथलं वाक्य बदललं. "चांगले", "बरे" असले शब्द काढले, कारण माझं चांगलं वेगळं अन् दुसऱ्याचं वेगळं. त्याजागी "आकडे कुठून आणले ते सांगते", "चूक कुठं झाली ते स्वतः शोधते" अशी लेकरालाही वाचून कळतील अशी वाक्यं घातली अन् काम सुरू करायच्या आधीच वर्गात भिंतीला लावली. आणि गुरुवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर पीडीएफ आली, सगळ्यांनी हेच वापरायचं, सोमवारी भरून द्या. निकष काय, तर आकर्षक मांडणी, रंगीत चित्रं, स्वच्छता, वेळेत सादर. स्तर चार, फरक फक्त "अतिशय आकर्षक" अन् "आकर्षक" एवढाच!

माझी सातवीतली एक लेक आईबापासोबत ऊसतोडीला गेलती, होळी झाल्यावर आली. तिकडं कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, बसून लिहिलेली वही तिनं प्रकल्प म्हणून दिली. टनाला 366 रुपये, आईबापाचा कोयता, म्हणजे दोघांची जोडी, दिवसाला 2 टन तोडतो म्हणजे 732. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल 50 हजार. भागाकार करून तिनं लिहिलंय की उचल फिटायलाच 69 दिवस लागतात, अन् खाली पेन्सिलीनं, "यात किराणा धरला नाही, खाडा झाला तर दिवस वाढतील". ही ओळ मी तीनदा वाचली. आपण गृहीत काय धरलं हे सातवीतल्या लेकरानं कुणी न सांगता ओळखून लिहिणं, अजून कोणता प्रकल्प पाहिजे? पीडीएफप्रमाणं तिला सगळ्यात खालचा स्तर. उशीर झाला, रंग नाही, पानं मळकी. तालुक्याला दुकानातून तयार तक्ता आणणाऱ्याला वरचा. विचारलं तर उत्तर आलं, मॅडम डोकं लावू नका, भरून टाका.

भरतच आलोय हो आम्ही. 2010 ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, सातवीला 40 गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभराच्या रोजच्या कामाचे, विचार चांगला होता. पण वेळ दिला नाही, मग वर्णनात्मक नोंदी तयार यादीतून उतरवल्या, मी पण उतरवल्या, त्याची लाज वाटते. 2019 ला दहावीला भाषांचे तोंडीचे 20 गुण काढले तर निकाल 77.10 टक्के, पुढच्या वर्षी परत दिले तर 95.30. त्या 20 गुणांत नेमकं काय मोजतो याचे निकष धड कुणी ठरवले का? 2020 च्या धोरणात लिहिलंय की लेकरानं स्वतःचं मूल्यमापन करावं, सोबत्यांनी करावं. कधी करणार, आधार जुळवून, खिचडीचा हिशोब भरून, मतदार याद्या करून झाल्यावर? आमच्या मराठवाड्यात बोर्डात अन् प्रवेश परीक्षांत गुण मिळवून देणाऱ्या लातूर पॅटर्नचं कौतुक सगळे करतात, पण उसाच्या फडातून आलेल्या लेकराला काय येतं हे बघायला कुणाला वेळ नाही. वरून आदेश, खालून रकाने, मधे लेकरू चिरडतंय.

मागणी एवढीच, ती पीडीएफ मागं घ्या. शाळेला निकष लिहू द्या, केंद्रात दोन-दोन शिक्षकांना एकच काम तपासून ताडून बघायला एक दिवस द्या, अन् मांडणीचे गुण समजण्याच्या गुणांपासून वेगळे करा.

उद्या पत्रक जमा करायचंय. तिच्या नावापुढं मी सगळ्यात वरचा स्तर भरलाय अन् शेऱ्यात तिची ती पेन्सिलीची ओळ जशीच्या तशी लिहिलीय. नोटीस काढायची असेल तर काढा, उत्तरासोबत वही जोडून पाठवते.

आपली,
झेडपीची एक शिक्षिका, बीड जिल्हा