भाकरी घाला, कालवण नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्र्यांना काय घालू नये याच्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्यांत पहिला मान चॉकलेटचा असतो. ते विषारी आहेच. १० किलोच्या कुत्र्याला १०० ग्रॅम दुधाळ चॉकलेटही बाधतं, आणि कोको पावडर तर १० ग्रॅम पुरते. पण आपल्याकडे गावात किंवा शेतातल्या आखाड्यावर कुत्र्याच्या वाट्याला येते ती उरलेली भाकरी आणि तिच्यावर ओतलेलं कालवण. खरा धोका त्या कालवणात आहे.

कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवा, तळा, वाळवून पूड करा, विष जात नाही. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा घातक ठरतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे. मटणाच्या वाटणात एवढा कांदा सहज जातो. लसूण त्याहून जहाल. रोज थोडं थोडं गेलं तरी अपाय होतोच. फसगत अशी, की लक्षणं बहुधा तीन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या, लघवी काळपट तांबडी, चालताना धाप. तोवर कालवण कुणाच्या ध्यानात राहतं? गोचीड तापातही हेच दिसतं, म्हणून रक्त काचपट्टीवर तपासून घ्यावं आणि खाण्याचं आपण होऊन सांगावं.

दुसरी गोष्ट द्राक्षं, बेदाणा आणि चिंच. जालन्याच्या कडवंचीसारख्या द्राक्षांच्या गावांत काढणीच्या वेळी बांधावर टाकलेले मणी कुत्री खातात. काहींना काहीच होत नाही, काहींची किडनी एक ते तीन दिवसांत बंद पडते. म्हणून ‘आमचा तर खातो’ हा दाखला कामाचा नाही. संशय टार्टारिक आम्लावर आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी तो मांडला. हे आम्ल चिंचेत द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त असतं, तेव्हा चिंच फोडायला बसलं की कुत्रं लांब बांधावं.

शिजलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन आतडं फाटतं. बिनसाखरेच्या च्युइंगमवर ‘झायलिटॉल’ (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं असेल, तर ते खाल्ल्यावर अर्ध्या तासातही कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरून झटके येऊ शकतात.

यांतलं काही खाल्लं तर मिठाचं पाणी मात्र पाजू नका. उलटी झाली नाही तर रक्तातलं मीठ वाढून मेंदूला इजा होते आणि एका विषाची दोन होतात. दूध-तुपानं उतारा पडत नाही. उलटी डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन काढायची, आणि तीही साधारण दोन तासांच्या आत. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बाकी ठिकाणी जवळचा दवाखाना गाठावा. काय, किती आणि कधी खाल्लं हे सांगावं, वेष्टन असेल तर सोबत न्यावं. कुत्र्याचं वजन माहीत नसेल तर त्याला उचलून काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं.

– एक पशुवैद्यक, परभणी