सही करण्याआधी

पुणे,
रविवार, रात्री साडेअकरा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुमची गाडी कात्रजकडे वळली तरी मी आणि आई स्वारगेटला बराच वेळ उभे होतो. बोलायचं खूप होतं. पण ड्रमचा सगळा पसारा चढवताना तुम्ही घाईत होतात आणि तुझ्या मित्रांसमोर मला शब्द सुचेनात. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि मागे कुणीतरी "चेक, चेक" करत असतं. म्हणून लिहायला बसलो. सकाळी पानांचे फोटो काढून पाठवतो. बंगळूर येईपर्यंत वाचून काढ, कारण परवा शोच्या आधी त्या गाण्यांच्या कंपनीचा माणूस तुमच्या बँडच्या करारावर सही घ्यायला येणार आहे.

परवा सही करू नकोस.

तू पाठवलेला करार मी तीनदा वाचला. चौदा पानं आहेत. मी इतका का मागे लागलोय ते कळायला तुला एक गोष्ट सांगावी लागेल. ती आईला माहीत आहे, तुला मी कधी सांगितली नाही.

१९९१च्या गणपतीआधी एका कॅसेट कंपनीसाठी आम्ही ऑर्केस्ट्रातल्या मुलांनी आठ गाणी केली. त्यातल्या दोन चाली माझ्या होत्या. रेकॉर्डिंग संपायला रात्रीचे साडेदहा झाले. दुसऱ्या दिवशी माझी सातची शिफ्ट होती आणि खाली मेटॅडोरवाला हॉर्न मारत होता. मालकाच्या माणसाने जिन्यातच एक छापील कागद पुढे केला, वर सातशे रुपयांचं पाकीट. मी तो कागद भिंतीला टेकवून सही केली आणि उतरलो. त्यात काय लिहिलं होतं ते मी आजतागायत वाचलेलं नाही, माझ्याकडे त्याची प्रतही नाही. कॅसेट बाजारात आली तेव्हा आतल्या कागदावर संगीतकार म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. पुढे एका वर्षी विसर्जनाला लक्ष्मी रोडवर बँडवाल्यांनी त्यातली एक चाल वाजवली. तू माझ्या खांद्यावर बसली होतीस. वाकून माझ्या कानात म्हणालीस, "बाबा, हे तू घरी वाजवतोस ते!" मी फक्त हो म्हणालो. ती चाल माझी आहे हे तुला सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. नाव नाही, कागद नाही.

आता तुझा करार. पाच लाखांचा ॲडव्हान्स बघून तुम्ही चौघं नाचलात, ते मी ऐकलं. तुझ्या आजोळी पाथर्डीला ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना मुकादम आधी उचल देतो, माहीत आहे ना? हा ॲडव्हान्स तशी उचल आहे. पाचव्या पानावर लिहिलंय की स्टुडिओ, मिक्सिंग, व्हिडिओ, जाहिरात, सगळा खर्च तुमच्या खात्यावर चढणार. तो तुमच्या हिश्शातून फिटेपर्यंत तुमच्या हातात रुपयाही येणार नाही. बरं, खर्च किती करायचा हे ठरवणार ते. त्याला वरची मर्यादा कुठेच घातलेली नाही. एक अल्बम झाल्यावर आणखी तीन करून घ्यायचे की नाही, हेही त्यांच्याच मर्जीवर. म्हणजे त्यांना नको असेल तर तुम्ही मोकळे, आणि त्यांना हवं असेल तर तुम्ही बांधलेले. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावं लागतं, हे मी इतकी वर्षं बघत आलोय.

नवव्या पानावर "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण विश्वात" असे शब्द आहेत. शेजारच्या वकीलकाकांना मी ते दाखवले. त्यांनी १९५७चा कॉपीराइट कायदा काढून मला वाचूनच दाखवला. हक्क देताना करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणजे कायदा कलाकाराच्या बाजूने उभा आहे, आणि त्याला बाजूला सारायलाच हे दोन शब्द तिथे मुद्दाम घातलेले असतात. त्यांच्या जागी मुदत मागा. दहा वर्षं म्हणा, बारा म्हणा, पण आकडा लिहून घ्या. २०१२ साली कायद्यात आणखी एक चांगली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा हिस्सा कंपनीला आता लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कलाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. माझ्या वेळी हे असतं तर, असा विचार दुपारभर डोक्यात फिरत होता. ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९पासून आहे. तिचं सभासदत्व घे. दौऱ्यावरून आल्यावर नको, याच आठवड्यात फॉर्म भर.

पण हा हिस्सा मिळतो तो संगीतकार म्हणून ज्याचं नाव लागलंय त्याला. शेवटच्या पानावरचा तक्ता तू नीट बघितला नाहीस असं मला वाटतं. सातही गाण्यांपुढे संगीतकार म्हणून तुमच्या गायकाचं एकट्याचं नाव आहे. तिसऱ्या गाण्याची सुरुवात कुणाची आहे मनू? लॉकडाऊनमध्ये आपल्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून तू अकरा दिवस तो तुकडा घासत होतीस. मधला सूर बसत नव्हता म्हणून जेवायला खाली यायची नाहीस, आई ताट वर घेऊन यायची. ते गाणं लोकांना आठवतं ते त्या तुकड्यामुळे. तुमचा गायक गुणी मुलगा आहे, आपल्या घरी जेवलेला आहे, त्याने हे जाणूनबुजून केलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. कुणीतरी घाईत तक्ता भरला असेल. पण छापलं गेलं की तेच खरं होऊन बसतं. आता गाडी जिथे जेवायला थांबेल तिथे चौघं बसा. एकेक गाणं घ्या, कुणाचा किती वाटा ते कागदावर लिहा आणि खाली चौघांच्या सह्या करा. आत्ता तुमची मैत्री आहे आणि पैसा आलेला नाही, म्हणून हे दहा मिनिटांत होईल. पुढे होणार नाही. आमचा ऑर्केस्ट्रा नाईटच्या, म्हणजे कार्यक्रमामागे मिळणाऱ्या पैशांवरून फुटला. किती पैशांवरून ते सांगायचीसुद्धा मला लाज वाटते.

कंपनीवाले तेवढ्यावर गेले तर जाऊ देत.

आता दुसरी गोष्ट. गिटारच्या केसमध्ये, तारांच्या पाकिटांखाली मी तपकीर गल्लीतून आणलेला, वीज तपासायचा छोटा मल्टीमीटर ठेवलाय. आईने विचारलं, पोरीला हे कशाला? तुलाही तेच वाटेल. वाई भागातल्या एका गावात आमचा कार्यक्रम होता. पाऊस पडून गेलेला, स्टेजच्या फळ्या ओल्या, आणि मंडळाने वीज दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून ओढलेली. डावा हात तारांवर ठेवून मी कोरसला माईकपाशी गेलो. ओठ जाळीला लागले मात्र, कुणीतरी दातांवर हातोडा मारावा तसं झालं. हात तारांवरून निघेना. ड्रमवाल्याने लाथ मारून बोर्ड उडवला म्हणून वाचलो. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माईकची जाळी साऊंड मिक्सरच्या. दोन्हीकडचं अर्थिंग सारखं नसेल तर मधला फरक तुझ्या अंगातून जातो. १९७२ साली ब्रिटनमध्ये स्वान्सीला लेस हार्वे नावाचा गिटारिस्ट भर कार्यक्रमात असाच गेला. म्हणून प्रत्येक ठिकाणी, आयोजक कितीही मोठा असो, साऊंडचेकच्या आधी मीटर एसी व्होल्टवर लाव. एक टोक तारेला, एक माईकच्या जाळीला. काटा हलला तर त्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलाव आणि तोवर माईकपाशी जाऊ नकोस. लोक खोळंबले तर खोळंबू देत. आणि हो, माईकवर स्पंजची टोपी घालतच जा.

तू हिंजवडीची नोकरी सोडलीस तेव्हा मी दोन दिवस बोललो नव्हतो. तुला वाटलं मी रागावलो. मला राग आला नव्हता, मी घाबरलो होतो. तुझ्या खोलीत तो ब्लॅक सबाथ बँडच्या गिटारिस्टचा, टोनी आयोमीचा फोटो आहे ना, त्याची गोष्ट तू मला मोठ्या कौतुकाने सांगितली होतीस. १९६५ साली, सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. मग प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुन्हा वाजवायला लागला. तू सांगत होतीस आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचं पिंपरीचं प्रेस शॉप होतं. माझ्या शेजारच्या मशीनवर एकाचं बोट गेलं तेव्हा मी तिथेच होतो. त्यानंतर मी हातापाया पडून तपासणी खात्यात बदली घेतली. कारण एकच, संध्याकाळी वाजवायचं होतं. पूर्णवेळ वाजवायचं धाडस मात्र मला झालं नाही. तुला झालं. तू माझ्यापेक्षा चांगली वाजवतेस, हे मी दोन वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं.

परवा शो संपल्यावर रात्री दीडला खोलीत एकटी असशील तेव्हा पोटात खड्डा पडल्यासारखं होईल. मागच्या महिन्यात दिल्लीहून फोन करून रडलीस, त्या रात्री काय झालं होतं ते मला कळलं होतं. दीड तास हजार माणसं तुझ्याकडे बघत असतात आणि मग एकदम पंख्याचा आवाज. वाजवण्यात काही चुकलेलं नसतं. गरम काहीतरी खा, आंघोळ कर, मला फोन कर. दीडला कर, तीनला कर. आणि रात्रीच्या प्रवासात एकाने ड्रायव्हरशेजारी जागं बसायचं, हा आमच्या मेटॅडोरचा नियम होता. तो तुम्हीही पाळा.

राहता राहिले कान. डॉक्टरांनी माझ्या कानांचा आलेख काढला. चार हजार हर्ट्झपाशी रेघ दरीत कोसळावी तशी खाली गेलीय. आवाजाने गेलेले कान असेच जातात म्हणे, आणि गेलेलं परत येत नाही. वेताळ टेकडीवर आई म्हणते, रातकिडे किती ओरडतायत. मला फक्त माझी कानातली शिट्टी ऐकू येते, ती दिवसरात्र चालू असते. पंच्याऐंशी डेसिबल आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला पंधरा मिनिटं उरतात, आणि तू दीड तास ड्रमच्या झांजेपासून हातभर अंतरावर उभी असतेस. ते कानाच्या मापाचे प्लग घातले की लोकांपासून तुटल्यासारखं वाटतं, असं तू म्हणालीस. वाटत असेल. दहा शो घालून बघ, मग त्यांची सवय होईल. फोमचे साधे बोळे नकोत, त्यांनी वरचे सूर जास्त मरतात. मापाचे घालशील तर सगळं सारखंच खाली येतं. ते केसच्या बाजूच्या कप्प्यात आहेत, तू टेबलावरच विसरली होतीस.

तुमची नवी रेकॉर्डिंग मी रोज ऐकतो. तुझे सूर मला येतात, पण तार छेडायची पिक तारेला लागते ती कड येत नाही. चौथं गाणं माझ्यासाठी संपतं आणि आई अजून ऐकतच असते. मी विचारलं, काय वाजतंय? म्हणाली, अगदी वर, बारीक, लांबत जाणारा एक सूर आहे. तिने तो गुणगुणून दाखवायचा प्रयत्न केला, पण तिचा आवाज तिथपर्यंत जाईना. शिलाँगचा शो झाला की तू घरी येशील, तेव्हा तेवढा तुकडा मला एक सप्तक खाली वाजवून दाखव.

तुझा,
बाबा