मुक्ताची वही

दिन्या,

तीन आठवडे उत्तर नाही, हव्या तेवढ्या शिव्या घाल. गुडघा बरा आहे, आईही ठीक.

मुक्ताच्या वहीचा फोटो पाहिला. (−3) × (−4) = 12 बरोबर, आणि लगेच खाली −3 − 4 = +7! हे पाप तुझं. 'शत्रूचा शत्रू तो मित्र' तूच शिकवलंस ना? नानांच्या ओट्यावर यावरूनच भांडलो होतो आपण. पोरीच्या डोक्यात 'दोन वजा दिसले की अधिक' एवढंच उरलं. हे गुणाकारापुरतं आहे, ते गळून पडलं. संख्यारेषेवर −3 वरून डावीकडे चार घरं चालायला लाव, −7 वर पोचेल.

कर्जाचं उदाहरण जपून दे. ऋण गुणिले ऋण धन, हे ब्रह्मगुप्ताने 628 साली लिहून ठेवलंय खरं, पण कर्जाला कर्जाने गुणायचं म्हणजे काय, असं तिने विचारलं की तू खोकत बसशील. एक संख्या पैशांची घे, दुसरी दिवसांची. खात्यातून रोज 50 रुपये कापले जातात, म्हणजे −50. तीन दिवसांपूर्वी, म्हणजे −3, खात्यात आजच्यापेक्षा 150 जास्तच होते की नाही?

पण आधी पाढा उलटा लिहून घे: 3 × (−4) = −12, 2 × (−4) = −8, 1 × (−4) = −4, 0 × (−4) = 0. दर ओळीला चार वाढतात. शून्यापाशी थांब आणि गप्प बस (जमेल?). पुढची ओळ, (−1) × (−4), तिलाच लिहू दे. 4 नाही आले तर पाढाच मोडतो. तरी 'का' म्हणाली, तर (−3) × (4 + (−4)) दे. कंसात शून्य, म्हणून उत्तर शून्य. कंस सोडवला की पहिला तुकडा −12. मग दुसरा +12 असल्याशिवाय शून्य होईल कसं?

नंतर एकाच पानावर मुद्दाम सरमिसळ कर: −3 − 4, (−3) × (−4), −3 − (−4). उत्तराआधी शेजारी 'बेरीज', 'वजाबाकी' की 'गुणाकार' ते लिहायचं. 10 − 2 × (3 − 7) पण घाल. कंस सोडवताना पोरं 10 − 6 − 14 करतात आणि −10 आणतात. −2 ने −7 लाही गुणायचंय, म्हणून +14, उत्तर 18.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. वहीचा फोटो परत पाठव, या वेळी सरळ काढ.

तुझा,
बंड्या