रक्ताचा कर्करोग आणि आनुवंशिकतेची भीती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या मराठी घरांत एखाद्या वडीलधाऱ्याला क्रॉनिक ल्युकेमिया, म्हणजे हळूहळू वाढणारा रक्ताचा कर्करोग, निघाला, की घरातील सोयरिकी जुळेपर्यंत तो चारचौघांपासून लपवला जातो, कारण हा रोग पुढच्या पिढीत उतरतोच अशी अनेकांची ठाम समजूत आहे. या समजुतीची झळ रुग्णालाच बसते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या त्याच्या एका प्रकारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन १९६० साली प्रथम नोंदवले गेलेले फिलाडेल्फिया गुणसूत्र तयार होते. हा बदल माणसाच्या हयातीत अस्थिमज्जेतील पेशीत घडतो. तो आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जातही नाही.

मुख्यतः उतारवयात आढळणाऱ्या क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या दुसऱ्या प्रकारात मात्र आनुवंशिकतेचा काही वाटा आहे. आईवडील वा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला तो असल्यास धोका सुमारे ५ ते ८ पट वाढतो. हे ऐकून धडकी भरणे स्वाभाविक आहे. परंतु मुळात हा आजार विरळ, त्यातही भारतात पाश्चात्त्य देशांहून कमी, त्यामुळे रुग्णाच्या बहुतेक नातेवाइकांना तो कधीच होत नाही. एखादे जनुक त्याला जबाबदार आहे असेही नाही. जनुकसंचातील ४०हून अधिक ठिकाणचे बारीकसे फरक मिळून तो कल घडतो.

आमच्या रामबागेतील एका नातलगांच्या तपासणीत रक्तातील पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त, ३८ हजार निघाल्या आणि हाच लिम्फोसायटिक ल्युकेमिया असल्याचे कळले. त्रास काहीच नसल्याने डॉक्टरांनी औषध न देता दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितले, आणि ते योग्यच होते. तरीही घाबरलेल्या घरच्यांनी दोन्ही धडधाकट मुलांचे रक्त एका खाजगी प्रयोगशाळेत महागड्या जनुकचाचणीसाठी पाठवले. पुढे उपचारांची वेळ आली तेव्हा वडिलांची फिश चाचणी (रोगग्रस्त पेशींच्या गुणसूत्रांतील बदल दाखवणारी तपासणी) मात्र पैशांअभावी लांबणीवर पडली. हे पाहून फार वाईट वाटले. खरी गरज त्याच चाचणीची होती, कारण १७व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल, तर नेहमीची केमोथेरपी फारशी लागू पडत नाही आणि औषधयोजना बदलावी लागते.

आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या रक्तविकारतज्ज्ञांकडून या दोन आजारांतील फरक, तसेच कोणती तपासणी रुग्णाची करावी आणि कोणती नातेवाइकांनी टाळावी, हे सोप्या मराठीत सविस्तर लिहून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

आपली नियमित वाचक,
रामबाग, इंदूर