एव्हिएशनची डिग्री घेण्याआधी भरतीची जाहिरात वाचा

संपादक साहेब, नमस्कार.

बारावीचा निकाल जवळ आला की तुमच्या पेपरात (आणि सगळ्याच पेपरात) विमानाचा फोटो, टाय लावलेली हसरी पोरं आणि एव्हिएशनमध्ये करिअर करा अशा मोठ्या मोठ्या जाहिराती येतात, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडायला लागली तेव्हापासून तर त्यांना नुसता ऊत आलाय. मी मुंबई एअरपोर्टवर ग्राउंड हँडलिंगमध्ये (म्हणजे चेक-इन, सामान, विमानाजवळची जमिनीवरची कामं) बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे, त्यामुळे सोसायटीतले, नात्यातले लोक पोरांना घेऊन विचारायला येतात की काका हा कोर्स कसा आहे. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून हे पत्र.

लोकांना वाटतं बीबीए एव्हिएशन केलं की पोरगं एअरपोर्टवर ऑफिसर. अहो तसं नाहीये. एअरपोर्ट्स अथॉरिटीची, म्हणजे विमानतळांचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, भरती निघते तेव्हा ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची जाहिरात उघडून बघा, वेबसाइटवर असते, फुकट वाचता येते. एटीसीला म्हणजे टॉवरमध्ये बसून विमानांना क्लिअरन्स देणाऱ्या पोस्टला लागते फिजिक्स-मॅथ्स घेऊन केलेली बीएससी नाहीतर इंजिनिअरिंग. एअरपोर्ट ऑपरेशन्सच्या पोस्टला सायन्स ग्रॅज्युएट असून वर एमबीए, किंवा मग इंजिनिअर. आता गंमत बघा, साताऱ्याच्या नाहीतर लातूरच्या साध्या कॉलेजात थोडक्या फीमध्ये बीएससी केलेला पोरगा एटीसीचा फॉर्म भरू शकतो, परीक्षा पास झाला की ट्रेनिंगही अथॉरिटीच देते आणि वर पगार चालू, आणि लाखोंनी फी भरून एव्हिएशनचीच डिग्री घेतलेला मात्र फॉर्मच भरू शकत नाही. हे ऍडमिशनच्या वेळी कुठलं कॉलेज सांगतं का, एक दाखवा मला.

माझ्या पुतणीसाठी असंच एक कॉलेज बघायला गेलो होतो, नाव घेत नाही. एका वर्गात चेक-इन काउंटर उभा केलेला, बॅगा ठेवायचा पट्टा होता पण तो फिरत नव्हता, कॉम्प्युटरवर कव्हर घातलेलं, आणि मागे कुठल्यातरी जुन्या विमानाच्या सीटा मांडून ठेवलेल्या, म्हणे केबिन लॅब. काउन्सेलर बाईंना मी एवढंच विचारलं की इंटर्नशिपला पोरांना एअरसाइडचा, म्हणजे सिक्युरिटीच्या आतल्या विमानं उभी असतात त्या भागाचा, पास कोण काढून देणार, कारण आत जायला नागरी उड्डाण सुरक्षा ब्युरोचा एंट्री परमिट लागतो, त्याआधी पोलिस व्हेरिफिकेशन होतं, कॉलेजचं आयकार्ड गळ्यात घालून रॅम्पवर जाता येत नाही. त्या म्हणाल्या सर ते आमचं प्लेसमेंट सेल बघतं. बरं. पुतणी आता साध्या बीएससीला आहे, भाऊ अजून माझ्यावर थोडा नाराज आहे तो भाग वेगळा.

आणि खरं सांगायचं तर ग्राउंड स्टाफची नोकरी कुठल्याही ग्रॅज्युएटला मिळते, बोलणं नीट पाहिजे आणि रात्रपाळीची तयारी पाहिजे. लोड अँड ट्रिम शीट (विमानातलं वजन आणि तोल दाखवणारा कागद) कशी वाचायची, चेक-इन बॅगेत पॉवर बँक का चालत नाही, इंजिन चालू असताना विमानापासून किती लांब थांबायचं, हे सगळं कंपनी घेतल्यावर स्वतःच शिकवते, डेंजरस गुड्स आणि सिक्युरिटीचे कोर्स करून घ्यावेच लागतात, एव्हिएशनची डिग्री असो नसो. तीन वर्षांची फी भरलेली पोरगी आणि बीकॉम करून आलेला पोरगा एकाच काउंटरवर एकाच पगारात उभे असतात, मी हे रोज बघितलंय. जुलै २०२४ मध्ये कलिन्याला लोडरच्या भरतीला किती हजार पोरं आली होती ते तुम्हीच छापलं होतंत.

सगळेच कोर्स वाईट असं मी म्हणत नाही हं. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ आहे, संसदेच्या २०१३ च्या कायद्याने झालेलं, सरकारी आहे. कार्गो नीट शिकवणारे पण आहेत आणि कार्गोमध्ये खरंच माणसं लागतात. पण ते शोधावे लागतात.

पायलटचं तर अजून वेगळं. कमर्शियल लायसन्सला डिग्री लागतच नाही! बारावी फिजिक्स-मॅथ्स (कॉमर्सवाले एनआयओएस म्हणजे सरकारी मुक्त शाळेतून हे दोन विषय देतात), डीजीसीएचे म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे पेपर, मेडिकल आणि २०० तास फ्लाइंग. पैसा मात्र प्रचंड, अर्धा कोटी सहज जातो आणि मग टाइप रेटिंगचे, म्हणजे ठराविक मॉडेलचं मोठं विमान उडवायच्या ट्रेनिंगचे, वेगळे, लोक राहतं घर गहाण टाकतात. आणि २०० तास म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात झालं असं समजू नका, आपल्याकडे पाऊस लागला की आठवडेच्या आठवडे विमान हँगरमध्येच, त्यात विमानं कमी, इन्स्ट्रक्टर कमी, पोरं जास्त, मग तीन-तीन वर्षं हॉस्टेलचं भाडं भरत बसायचं. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा फ्लाइंग स्कूलची क्रमवारी लावली, त्यात ए प्लस प्लस किंवा ए प्लसमध्ये देशातलं एकही स्कूल बसलं नाही, ह्यावरून काय ते समजा. म्हणून मी आईवडलांना सांगतो, गोंदिया असो धुळे असो बारामती असो, पैसे भरायच्या आधी पोराचं क्लास टू आणि शक्य असेल तर क्लास वन मेडिकल (पायलटसाठीच्या डॉक्टरी तपासण्या, क्लास वन जास्त कडक) करून घ्या, नंतर डोळ्यात नाहीतर कानात काही निघालं तर फी कुणी परत देत नाही. मग तिथे जाऊन बघा आज उडायच्या स्थितीत विमानं किती आहेत, ऑफिसात नाही, हँगरमध्ये जाऊन मोजा, आणि तिथे शिकणाऱ्या पोरांशी चहाच्या टपरीवर बोला. आणि सगळी फी एकदम भरू नका, तासांप्रमाणे हप्ते मागा, देत नसतील तर का देत नाहीत ते विचारा.

तुम्हाला एकच विनंती आहे. जाहिराती बंद करा असं म्हणणार नाही, तुमचाही पेपर चालला पाहिजे. पण करिअर पुरवणीत त्याच पानावर अथॉरिटीच्या भरतीची पात्रता मराठीत एका चौकटीत छापा, कुठल्या पोस्टला कुठली डिग्री चालते आणि कुठली चालत नाही, बस. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं असेल तर पुतणीचा किस्सा कापा पण एटीसीचं तेवढं ठेवा.

आपला,
एक रिटायर्ड एअरपोर्ट कर्मचारी, डोंबिवली