शॉवर टाळा म्हणणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद

(गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावानं आपलं नाव घालून घ्यावं, पत्र लागू पडेल.)

विषय : पाणी बचतीच्या मार्गदर्शनाबद्दल आभार, आणि नळाबद्दल विचारणा.

महोदय,

स.न.वि.वि. जलजागृती सप्ताहात आपण बचत गटाच्या आम्हा बायकांना सभागृहात बोलावून पाणी कसं जपावं हे समजावून सांगितलंत, त्याबद्दल आभारी आहे. पंखे चालू होते, चहाही चांगला होता. बादलीनं आंघोळ करा, शॉवर टाळा, दात घासताना तोटी बंद ठेवा, गाडी पाइपानं धुऊ नका, असं आपण सांगितलंत. आम्ही टाळ्या वाजवल्या. शेवटी हात पुढं करून प्रतिज्ञाही घेतली.

त्याच दिवशी आमच्या पेठेत नळ सुटायची पाळी होती. आठ दिवसांनी येणारी पाळी. म्हणून प्रत्येक घरातून कुणी ना कुणी नळाशी बसवून आम्ही आपल्या कार्यक्रमाला आलो होतो. नळ आलेच नाहीत. रात्री ग्रुपवर मेसेज आला, ‘तांत्रिक कारणास्तव आज पाणीपुरवठा होणार नाही.’ पुढची तारीख दिलेली नव्हती. तांत्रिक कारण हे आमच्या गावातलं सगळ्यात कष्टाळू कारण आहे, त्याला रविवार नाही की सणवार नाही.

साहेब, आपण बदलून आलात, म्हणून मागचं सांगते. नवीन जलकुंभाचं उद्घाटन झालं तेव्हा याच नगरपरिषदेच्या मंचावरून ‘दिवाळीपासून एक दिवसाआड पाणी’ असं जाहीर झालं होतं. कोणत्या दिवाळीपासून, ते बोलायचं राहून गेलं असावं. जलकुंभ उभा आहे. त्यावर छान निळा रंग आहे आणि खाली उद्घाटनाची पाटी आहे. वरच्या पाण्याचं आपणच सांगावं.

आता शॉवरबद्दल. माझी पोलीस भरतीच्या पोरांची मेस आहे. पोरं पहाटे पळून येतात, घामानं निथळत असतात, आणि मी त्यांच्यापुढं एक बादली ठेवते. निम्मी अंगावर, निम्मी कपड्यांना. नाराज होतात, पण करतात. आमच्या पेठेत कुणाकडं शॉवर असेलच तर त्यावर ओले टॉवेल वाळत असतात.

पाणी जपायला आम्हाला कुणी शिकवायचं राहिलेलं नाही. ते आपल्या नळानंच शिकवलं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी शेजारच्या म्हशीला जातं. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी दुसऱ्या घाण्याला पहिलं म्हणून वापरायचं, त्यातून उरेल ते फरशीला, फरशीचं संडासाला. आमच्या घरात एकच पाणी चार ठिकाणी नोकरी करतं. आरओच्या फिल्टरमधून एक लिटर चांगलं पाणी निघायला दोन-तीन लिटर वाया जातं, त्याची नळी मोरीतून काढून मी टिपात सोडली आहे. ताटं आधी कागदानं पुसायची, मग राखेनं घासायची. चौकातला चहावाला भट्टीची राख मला ठेवतो. राखेचं भांडं एका पाण्यात निघतं, साबणाचा फेस जायला तीन पाणी लागतात. हे कुठल्या पोस्टरवर मला दिसलं नाही, सासूबाईंच्या हातून शिकले. पाहुण्यालाही आता भरलेला पेला देत नाही. तांब्या आणि रिकामं फुलपात्र पुढं ठेवायचं, लागेल तेवढं त्यानं ओतून घ्यावं. पूर्वी याला कोतेपणा म्हटलं असतं. आता पाहुणाच तळाशी घोटभर ओततो, कारण त्याच्याही घरी तेच चाललंय.

सगळ्यात अवघड होतं ते शिळ्या पाण्याचं. रोज नळ यायचे तेव्हा कालचा हंडा आज मोरीत ओतून, घासून, ताजा भरायचा, ही आमच्याकडची रीत. किती घागरी अशा गेल्या असतील देव जाणे. सासूबाई देवाला शिळं पाणी घालायच्या नाहीत. मग एकदा त्यांनीच तोड काढली. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या म्हणाल्या, गंगेचं पाणी देवघरात गडव्यात वर्षानुवर्षं राहतं, ते शिळं होत नाही, मग हे कशानं होतं? तेव्हापासून आठ दिवसांच्या पाण्यात देवही न्हातात. देवांनी तक्रार केलेली नाही.

एवढं सगळं करून आम्ही गुन्हेगार ठरतो ते असं. मागच्या पावसाळ्यात आपल्याच गावातली आशाताई बॅटरी घेऊन घरोघरी पिंपं तपासत आली. मागच्या दाराच्या बॅरलमध्ये तिनं उजेड टाकला आणि मला जवळ बोलावलं. पाण्याच्या वरच्या थराला वळवळणाऱ्या बारीक अळ्या, उजेड पडला की खाली बुडी मारायच्या, परत वर यायच्या. डेंगीचा डास असा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, ती भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा, कडा घासून काढा, असं आरोग्य खातं सांगतं. बरोबरच सांगतं. पण एका खात्यानं सात दिवसांनी ओता म्हणायचं आणि दुसऱ्यानं आठ दिवसांनी भरायला द्यायचं, यात बाईमाणसानं करायचं काय? ‘ओता’ म्हणाली ती. मी म्हटलं, बाई, ओतते, पण भरू कशानं? ती काहीच बोलली नाही. तिची गल्ली आमच्याहून वर आहे, तिथं तर नळाला नुसती फुसफुस येते. शेवटी दोघींनी मिळून जुन्या सुती लुगड्यातून पाणी गाळलं, संडासापुरतं वेगळं ठेवलं आणि बॅरल काथ्यानं घासलं. मेसमधल्या एका पोराला तरीही डेंगी झालाच. त्याची भरतीची तारीख दवाखान्यात सलाईन लावून गेली. त्याच्या आईनं फोनवर मला विचारलं, ‘पाणी कसलं पाजता हो पोरांना?’ काय सांगावं तिला? पिण्याला तर मी विकतचा जार आणते. नळपट्टी भरायची, वर जार विकत घ्यायचा, उन्हाळ्यात टँकरही सांगायचा. एकाच पाण्याचे तीनदा पैसे देणारं गिऱ्हाईक आपल्याला दुसरं मिळायचं नाही.

आणि नळ सुटतो तेव्हा तरी काय सुटतं? पहिली दहा-पंधरा मिनिटं लालसर, गढूळ, कधी नाक धरायला लावणारं. आठ दिवस पाइप रिकामा पडला की गळक्या सांध्यातून बाजूच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. पाइपात दाब राहिला की ही घाण आत शिरत नाही. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. ते पहिलं पाणी अख्खी पेठ गटारीत सोडते. आपल्या प्रतिज्ञेत तेवढं सोडून बाकी सगळं होतं.

मग मोटरीचा विषय. नळाला थेट मोटर लावणारे सगळं ओढून घेतात, टोकाच्या घराला हवा येते. जप्तीची मोहीम दर उन्हाळ्यात निघते, हे मान्य. पण मोहिमेची गाडी ज्या बंगल्यांपुढून न थांबता जाते, तिथं मोटर नसणारच असं आम्ही गृहीत धरलेलं आहे. शाळेच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह तर बारमाही वाहतो, कुत्री तिथंच पाणी पितात. सेकंदाला एक थेंब गळणारी घरातली तोटी दिवसाला वीसेक लिटर घालवते, असं आपल्याच पोस्टरवर होतं. व्हॉल्व्हचा हिशेब त्या पोस्टरवर नव्हता. विचारलं तर इस्टिमेट पाठवलंय. कुणी म्हणतं गावाचं चाळीस टक्के पाणी गळतीत जातं, कुणी म्हणतं निम्मं. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपावर मीटरच नाही, मग म्हणायला काय जातं? सरकारी निकष माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला आठ दिवसांचे ५,४०० लिटर होतात. तासाभराच्या अशक्त धारेत ते कसे येतात, हे एकदा आमच्या मोरीत उभं राहून दाखवावं.

पावसाला नावं ठेवू नका साहेब. मराठवाड्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढा पडला तर ६५ हजार लिटर होतात. नगरपरिषदेच्या इमारतीची गच्ची किती मोठी आहे ते आपण जाणता. तिचे पाइप सरळ गटारीत उतरलेत, हे आम्ही जाणतो. गावातली बारव कचऱ्यानं भरली आहे, पेठेतल्या आडावर स्लॅब टाकून दुकान उभं आहे. मलिक अंबरानं औरंगाबादेत जमिनीखालून नहर काढली तिला चारशे वर्षं झाली. त्याच्याकडं ना ई-टेंडर होतं ना सल्लागार कंपनी.

आपण एकटेच जबाबदार नाही, तेही कबूल. वरपासून खालपर्यंत हेच. जायकवाडीची कोनशिला १९६५ साली शास्त्रीजींनी बसवली, १९७६ ला इंदिराजींनी लोकार्पण केलं, शंभर टीएमसीवर पाणी मावणारं धरण. त्याच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवरचं संभाजीनगर वर्षानुवर्षं आठवड्याच्या पाळीवर जगलं. नवी योजना १,६८० कोटींची म्हणून निघाली आणि २,७४० कोटींवर गेली. आकडा तेवढा वेळेवर वाढला. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून आपल्या हक्काचं पाणी खाली सोडायचं म्हटलं की समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ चा असूनही कोर्टाची पायरी चढावी लागते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. लोक गाडीला हार घालत होते, मला मात्र टीव्हीपुढं बसून रडू आलं होतं. पाणवठ्यांवर गर्दी नको म्हणून त्याच उन्हाळ्यात लातुरात १४४ कलम लागलं होतं. आणि बिअरच्या कारखान्यांचं पाणी कमी करा, हे तेव्हा उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्यानंतर मराठवाडा वॉटर ग्रिड आलं. अकरा धरणं जोडणार, इस्रायलची कंपनी आराखडा करणार. आराखडा आम्ही पेपरात पाहिला. ‘हर घर जल’ २०२४ पर्यंत होणार होतं, आता २०२८ म्हणतात. माझ्या बहिणीच्या गावात दारात नळ आला आहे, तोटीही चकचकीत आहे. तिच्यावर ती सध्या पिशवी अडकवते.

उसाचं नाव काढलं की सगळे शेतकऱ्याकडं बोट दाखवतात. माझा भाऊही ऊसच लावतो. कारखाना पैसे देतो म्हणून लावतो. तुरीला भाव द्या, मग त्याला पाण्याचं व्याख्यान द्या. बचत कायम खालच्या माणसानं करायची, हिशेब मात्र त्याला कुणी द्यायचा नाही, हीच तर तुमची सगळी योजना दिसते.

असो. मागणं फार नाही. कोणत्या भागाला कोणत्या दिवशी किती वाजता पाणी, याची पाटी चौकात लावा, खाली व्हॉल्व्हमनचा नंबर लिहा. पाळी चुकली तर आदल्या संध्याकाळी कळवा, आणि पुढची तारीख द्या. टाकीवर मीटर बसवून महिन्याला किती पाणी आलं, किती पोचलं ते लिहून लावा. शाळेपुढचा व्हॉल्व्ह दुरुस्त करा, तो इस्टिमेटशिवायही होतो, चावीवाला माणूस मला माहीत आहे. डेंगीच्या दिवसांत तरी पाळी सहा दिवसांच्या आत आणा. आणि वर्षाला साधारण पंचेचाळीस दिवस नळ सोडून ३६५ दिवसांची नळपट्टी कशी आकारता, ते एकदा समजावून सांगा.

येत्या लोकशाही दिनाला पेठेतल्या सह्यांसह हा अर्ज घेऊन येणार आहे. नळ सुटल्यावरच्या पहिल्या पाण्याची बाटली सोबत असेल, टेबलावर ठेवीन. उत्तर लेखी द्यावं. ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र पाठवू नये.

आपली,
नळपट्टीची थकबाकी नसलेली
पेठेतली एक मेसवाली

प्रत : मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, मंत्रालय, मुंबई. (माहितीसाठी. कार्यवाहीसाठी म्हटलं तर कागद पुन्हा आपल्याकडंच येईल.)