लॉग गप्प झाला तर का, हे विचारायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही मध्येच विचारता, "ते राहू दे, रूल लावला का?" (रूल म्हणजे काय दिसलं की इशारा द्यायचा, हे प्रणालीला सांगणारा नियम.) म्हणून हे उघड पत्र लिहितो आहे. लातूर, नांदेड, परभणीकडच्या पुष्कळ पोरांना वाटतं की सॉकचं काम, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये बसून हल्ल्यांवर नजर ठेवायचं काम, पुण्या-बेंगळुरूला गेल्याशिवाय शिकताच येत नाही. तुम्ही मूळच्या परभणीच्या, नोकरी पुण्यात, आणि रात्रपाळीनंतरची सुट्टी आमच्यासाठी खर्च करता. हे त्या पोरांना कळायला हवं.

मी लातुरातल्या एका छोट्या नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम करतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे चार स्तर ठरवून दिले. त्यात सॉकची अट सगळ्यात वरच्या स्तरातल्या बँकांना आहे. आमची बँक त्यात बसत नाही. पण मोंढ्यात सोयाबीन घातलेल्या शेतकऱ्याचे पैसे आमच्याकडेच येतात, आणि चोर काही बँकेचा स्तर विचारून येत नाही. तुम्ही हे पहिल्याच भेटीत ओळखलंत. कोणतं महागडं सॉफ्टवेअर घ्यायचं हे न सांगता तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडून न्यायला येणारा नेमकं काय नेईल? आणि तो ते नेत असताना कोणत्या मशीनवर त्याची नोंद पडेल?" आमची सगळी बांधणी त्या दोन प्रश्नांवर उभी आहे. लॉग, म्हणजे प्रत्येक मशीनवर आपोआप पडणाऱ्या नोंदी, गोळा करायला आम्ही वाझू नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत आहे. आमच्या संचालक मंडळाला हे सांगताना किती सोपं गेलं, ते तुम्हाला माहीतच आहे.

सगळ्यात मोठं शिक्षण मात्र शांततेबद्दलचं. आमच्याकडे तालुक्याच्या शाखेतून लॉग यायचे थांबले की सगळे म्हणायचे, "लाईट गेली असेल." बहुतेक वेळा ते खरंच असतं. तुम्ही म्हणालात, "असेल म्हणू नका, शाखेत फोन करून विचारा. फोन लागेपर्यंत तो अलर्ट, म्हणजे इशारा, उघडाच ठेवा." आणि मग तुम्ही पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८ चा हल्ला फळ्यावर मांडलात. ११ ऑगस्टला, शनिवारी, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या संदेशयंत्रणेतून, हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण ९४ कोटींच्या वर. एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेतो तो एटीएम स्विच. चोरट्यांनी त्याच्या जागी खोटा, म्हणजे प्रॉक्सी, स्विच उभा केला होता आणि मंजुरीचं उत्तर तोच देत होता. म्हणजे पैसे बाहेर निघत होते, पण मंजुरीची विचारणा जिथे पोचायला हवी त्या मुख्य प्रणालीपर्यंत ती पोचतच नव्हती. जे यायला हवं होतं ते आलं नाही, ही नोंद कोण ठेवणार? त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक शाखेच्या, प्रत्येक सर्व्हरच्या गप्प होण्यावर स्वतंत्र अलर्ट आहे.

घड्याळाचंही तसंच. आमच्या फायरवॉलची, म्हणजे बाहेरून येणारी-जाणारी वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेची, वेळ यूटीसीत (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) होती आणि सर्व्हरची भारतीय. रात्री अकराची घटना एकीकडे संध्याकाळी साडेपाचची दिसायची. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायला, लॉग १८० दिवस ठेवायला आणि घटना सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. आम्ही तो कागद फाईलला लावून मोकळे झालो असतो. सहा तासांतला पहिला तास वेळा जुळवण्यात गेला तर काय होतं, हे तुम्ही प्रत्यक्ष करून दाखवलंत.

अलर्ट बंद करण्याची तुमची पद्धत तर मी नव्या पोरांना जशीच्या तशी शिकवतो. बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि बॅकअपचा प्रोग्राम जुनाच वापरत राहिला, की रात्रभर विंडोजच्या ४६२५ क्रमांकाच्या, चुकलेल्या लॉगिनच्या, नोंदींचा पाऊस पडतो. कंटाळून सगळा रूलच बंद करायचा मोह होतो. तुम्ही सांगितलंत, तेवढंच खातं, तोच सर्व्हर, तीच वेळ वगळा, कारण लिहा, आणि ते वगळणं कधी संपणार तेही लिहा. त्याच खात्याने दुसऱ्याच मशीनवरून ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन केलं, तर मात्र झोपेतून उठवा. आणि ११०२, म्हणजे सुरक्षा लॉग पुसल्याची नोंद, कुणीही, कधीही वगळायची नाही.

एक गोष्ट तुम्ही कुठल्याच फळ्यावर लिहिली नाही, पण माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोलाची. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या एपीके फाईलबद्दल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल) आम्ही शाखांना सूचना काढत होतो. मसुद्यात "कारवाई केली जाईल" असं वाक्य होतं. तुम्ही ते काढायला लावलंत. "घाबरलेला माणूस फोन करत नाही, आणि तुम्हाला त्याचाच फोन हवा आहे," असं म्हणालात. आज तालुक्याच्या शाखेतले कॅशिअर काका काही वावगं दिसलं की स्वतः फोन करतात. कुठलंही सॉफ्टवेअर देणार नाही इतक्या लवकर आम्हाला कळतं.

या क्षेत्रात अनुभव मुठीत धरून बसणारे मी पाहिले आहेत. तुम्ही तुमच्या कंपनीची एकही आतली गोष्ट न सांगता इतकं दिलंत, की देण्याला गोपनीयता आड येते हे मला आता पटत नाही. ताई, मनापासून आभार.

पुढच्या बैठकीला डीएनएसचे, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचे, लॉग घ्यायचे ठरले आहेत. नांदेडहून दोघी जणी नव्याने येणार आहेत, एक तर अजून कॉलेजातच आहे. पाळी बदलताना लिहायच्या हँडओव्हरवर मी बोलणार आहे: काय तपासलं, काय तपासायचं राहिलं, सकाळी पहिला फोन कुणाला. तुम्ही फक्त ऐकायचं आणि चुकलं तिथे थांबवायचं. तुमची पाळी कळवा, त्याप्रमाणे रविवार ठरवतो. जेवण आमच्या घरी, आईने आधीच सांगून ठेवलं आहे.

तुमचा,
लातूरचा धाकटा भाऊ